छातीतली प्रत्येक धडधड गॅसची नव्हे

आपल्या खेड्यापाड्यांत एक दुखणे असे आहे की ज्याचे निदान करायला डॉक्टर लागत नाही. शेजारी, पाव्हणे, किराणा दुकानदार, सगळेच ते करून मोकळे होतात. त्याचे नाव ‘गॅस’. छाती भरून आली, गॅस. डावा खांदा दुखला, गॅस. बांधावर बसल्याबसल्या छातीत धडधड सुटली, डोळ्यांपुढे अंधारी आली, दरदरून घाम फुटला, तरीही गॅसच. मग सोड्याचे पाणी, ओव्याची चिमूट, नाहीतर दुकानातली गोळी. दहा मिनिटांत बरे वाटले की निदान खरे ठरले असे समजून माणूस पुन्हा विळा हातात घेतो.

बहुतेक वेळा तो संध्याकाळी सुखरूप घरी येतो, हे मान्य आहे. पण काही जणांच्या बाबतीत ती दहा मिनिटे म्हणजे हृदयाने दिलेली सूचना असते, आणि दुसरी सूचना मिळेलच याची हमी नसते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेल्या विकाराला व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात ‘व्हीटी’ म्हणतात, आपणही तसेच म्हणू. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. धडधडीबरोबर घेरी, बेशुद्धी किंवा छातीत दुखणे असेल, तर ती धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घेतला पाहिजे. आणि तो कागद शेताच्या उताऱ्याइतकाच जपून ठेवला पाहिजे. असे का, ते आता पाहू.

हृदयात बिघडते काय?

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन रक्त गोळा करतात, खालचे दोन ते जोराने बाहेर ढकलतात. या खालच्या कप्प्यांना जवनिका म्हणतात. ठोका कधी द्यायचा याचा हुकूम वरच्या उजव्या कप्प्यातील एका बारीकशा गाठीतून सुटतो आणि ठरलेल्या वाटेने खाली पोहोचतो. विश्रांतीच्या वेळी असे मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात.

व्हीटीमध्ये खालचे कप्पे हा हुकूम पाळत नाहीत. तेथूनच वेगळा ठेका सुरू होतो आणि ठोके मिनिटाला १२० पासून २५० पर्यंतही जातात. आता कोणाला वाटेल, हृदय जोरात चालले तर रक्तही जास्त जाईल. पण विहिरीवरचा पंप हवा घेऊ लागला म्हणजे काय होते ते आपणांस ठाऊक आहे. मोटर जोराने घरघरते, आणि पाइपातून पाणी मात्र येत नाही. हृदयाचेही तसेच होते. दोन ठोक्यांच्या मधे कप्पा भरायला वेळच उरत नाही, मग बाहेर ढकलणार काय? मेंदूला रक्त कमी पडले की घेरी येते, माणूस कोसळतो.

हा ठेका ३० सेकंदांच्या आत आपोआप थांबला तर धोका त्या मानाने कमी. त्याहून जास्त वेळ टिकला तर ती तातडीची बाब समजावी. कारण यातूनच पुढे खालचे कप्पे नुसते थरथरू लागतात, त्यांना फिब्रिलेशन म्हणतात. त्यात नाडी लागत नाही, काही सेकंदांत शुद्ध जाते आणि उपाय झाला नाही तर काही मिनिटांत प्राण जातो. ‘जेवताजेवता गेला’, ‘बोलताबोलता गेला’ असे आपण ज्यांच्याविषयी ऐकतो, त्यांतील कित्येकांचे असेच झालेले असते.

कारणे कोणती?

सर्वांत मोठे कारण म्हणजे पूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका. झटक्यात हृदयाच्या मांसाचा काही भाग मरतो व तेथे वण राहतो. पाटाच्या पाण्यात मोठा धोंडा असला की पाणी त्याला वळसा घालते आणि तेथेच भोवरा धरते. वणाभोवती विजेच्या लहरीचा तसाच भोवरा तयार होतो, आणि तो जितक्या वेगाने फिरेल तितक्या वेगाने ठोके पडतात. झटका आल्यावर महिन्यांनी, कधी कधी वर्षांनीही हे घडते. म्हणून ‘तीन वर्षे काही झाले नाही, आता भीती नाही’ हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरे कारण म्हणजे दुबळे होऊन फुगलेले हृदय. वर्षानुवर्षांच्या दारूने हृदयाचे मांस सैल पडते, ही गोष्ट आपल्या समाजाने स्पष्टपणे ऐकून घ्यावी. काही घराण्यांत हृदयाचे मांस जन्मजात जाड असते. काहींना हृदयाला सूज आल्याने व्हीटी होते. हैदराबादच्या हृदयतज्ज्ञांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाची ताकद चांगली असूनही व्हीटी होणाऱ्या काही रुग्णांच्या छातीत त्यांना वाढलेल्या गाठी आढळल्या, आणि त्यामागे सार्कॉइडोसिस किंवा क्षय यांसारखा दाह असल्याचे दिसले. आपल्या देशात क्षय अजून आहे, म्हणून तरुण रुग्णात कारण सापडत नसेल तर डॉक्टर या दिशेनेही पाहतात.

तिसरे कारण शेतकऱ्याच्या अगदी जवळचे आहे. जुलाब, उलट्या, उन्हातला घाम यांमुळे शरीरातील पोटॅशियम व मॅग्नेशियम घटते. पायांच्या सुजेसाठी किंवा रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांत ते आणखी घटते. रक्तातील पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे लागते. ते फार खाली गेले की हृदयाचा ठेका बिघडतो. फवारणीच्या काही औषधांच्या विषबाधेतही हीच भीती असते. मोनोक्रोटोफॉससारखी विषे अंगात गेल्यावर लाळ, घाम, जुलाब ही लक्षणे आपण पाहतो, पण त्याच वेळी हृदयाचा ठेकाही बिघडू शकतो. म्हणून विषबाधेच्या रुग्णाचा ईसीजी पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. शुद्ध न केलेला बचनाग घातलेली गावठी औषधेही याच कारणाने प्राणघातक ठरतात. कोकणातील लाल विंचवाचे विषही हृदयावरच घाला घालते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर वापरून कित्येकांचे प्राण वाचवले. खेड्यात राहून, डोळे उघडे ठेवून केलेल्या वैद्यकीचे हे उदाहरण आहे.

चौथे कारण औषधांचे. काही औषधे हृदयाचा प्रत्येक ठोका संपून पुढच्यासाठी तयार होण्याचा काळ लांबवतात आणि त्यातून एक वेडावाकडा, पिळे घेणारा व्हीटी सुरू होऊ शकतो. फ्रान्सच्या देसेर्तेन यांनी त्याचे वर्णन १९६६ साली केले. क्लोरोक्विन, अझिथ्रोमायसिन, काही मानसिक आजारांवरील गोळ्या ही त्यांतली नावे. आणि वाचकहो, आपली दुकानातली गॅसची गोळीही यात येते. या गोळीत पुष्कळदा पँटोप्राझोलबरोबर डोमपेरिडोन असते. डोमपेरिडोनमुळे हा काळ लांबू शकतो म्हणून युरोपात २०१४ साली त्याच्या वापरावर बंधने आली. पँटोप्राझोल वर्षानुवर्षे घेतल्यास काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम उतरते. एखाददुसऱ्या गोळीने धडधाकट माणसाला काही होत नाही, उगाच घाबरू नये. पण ज्याचे हृदय आधीच दुबळे आहे, वय साठीच्या पुढे आहे, लघवीची गोळी चालू आहे, त्याने धडधडीवर स्वतःच्या मनाने रोज ही गोळी घेणे म्हणजे आगीवर रॉकेल ओतण्याचा प्रकार होऊ शकतो.

पाचवे कारण घराण्यातून येते. मुलगा पट्टीचा पोहणारा, तरी विहिरीत अचानक बुडाला. मुलगी शाळेच्या शर्यतीत पळतापळता कोसळली. घंटेच्या आवाजाने दचकून बेशुद्ध झाली. अशा मुलांना फिट येते असे समजून वर्षानुवर्षे फिटची औषधे दिली जातात, किंवा बाहेरचे काही लागले म्हणून अंगारे बांधले जातात. त्यांच्यातल्या काहींना जन्मजात हृदयाच्या विजेचा दोष असतो आणि तो साध्या ईसीजीत दिसू शकतो. पळताना, पोहताना किंवा दचकल्यावर शुद्ध गेली, अथवा घरात कोणी तरुण अचानक गेले असेल, तर त्या घरातल्या सगळ्या भावंडांचा ईसीजी निघालाच पाहिजे.

कागदाचे महत्त्व

व्हीटीचे निदान नाडी पाहून पक्के होत नाही, स्टेथोस्कोपनेही होत नाही. ते होते ईसीजीच्या कागदावर. हा कागद साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, आणि त्यावरचे एक बारीक घर म्हणजे ०.०४ सेकंद. निरोगी माणसात खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची रेघ तीन घरांहून अरुंद असते. व्हीटीत ती तीन किंवा अधिक घरे रुंद होते, कारण विजेची लहर हमरस्ता सोडून बांधाबांधाने चाललेली असते आणि तिला पोहोचायला उशीर लागतो. जलद आणि रुंद ठोके दिसले की दहांपैकी सुमारे आठ वेळा तो व्हीटीच असतो. पूर्वी झटका आलेल्या माणसात तर जवळजवळ नेहमीच. म्हणून दुसरे काही सिद्ध होईपर्यंत व्हीटीच धरून चालावे असा वैद्यकाचा नियम आहे.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. रुग्ण बोलतो आहे, रक्तदाब ठीक आहे, म्हणून हा व्हीटी नसणार, असे कित्येक जण धरून चालतात. ते खरे नाही. व्हीटी असूनही माणूस तासभर शुद्धीवर बसलेला असू शकतो. अशा वेळी वरच्या कप्प्यांची साधी धडधड समजून वेरापामिलचे इंजेक्शन दिले गेले तर रक्तदाब कोसळू शकतो.

आणि धडधड थांबल्यानंतर काढलेला ईसीजी? तो अगदी निर्दोष येऊ शकतो. चोर पळून गेल्यावर पंचनामा करावा तसे ते आहे. ‘ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे गॅसच होता’ हा निष्कर्ष येथेच फसतो. चालू असतानाचा एक कागद हातात असला तर तज्ज्ञ त्यावरून बिघाड कोठून सुटतो हेही पुष्कळदा सांगू शकतात. कागद मिळाला नाही तर २४ तास अंगावर बांधायचे होल्टर यंत्र लावतात. पुढे इको करून हृदयाची ताकद पाहतात, रक्तातील क्षार तपासतात, गरज पडल्यास अँजिओग्राफी किंवा एमआरआय करतात.

हा कागद पहिल्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, कारण काही यंत्रांवरची छपाई काही महिन्यांत पुसट होते. डॉक्टर बदलले, गाव बदलले, तरी तो बरोबर न्यावा.

उपचार

नाडी लागत नसेल तर छाती दाबणे आणि विजेचा धक्का, हेच दोन उपाय. नाडी आहे पण रक्तदाब पडला, शुद्ध हरपते आहे, छातीत दुखते आहे, तर ठोक्याशी मेळ घालून विजेचा धक्का देतात. हे शास्त्र अमेरिकेचे डॉ. बर्नार्ड लोन यांनी १९६२ साली रुळवले. रुग्ण स्थिर असेल तर अमिओडॅरोनसारखे औषध शिरेतून देतात, आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम भरून काढतात.

पुढील आयुष्यासाठी बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्या मोलाच्या आहेत. त्या मनानेच एकदम बंद करू नयेत. अमिओडॅरोनची गोळी चालू असेल तर थायरॉइड व यकृत यांची तपासणी साधारण सहा महिन्यांनी करावी, आणि खोकला किंवा दम वाढल्यास लगेच सांगावे. शिवाय या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते, तेव्हा शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला टोपी किंवा टॉवेल हवाच. काहींच्या बाबतीत मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन तो भोवऱ्याचा भाग जाळून टाकतात. हृदय अन्यथा निरोगी असेल तर यामुळे रोग बहुधा कायमचा जातो.

ज्यांना पुन्हा धोका आहे त्यांच्या गळ्याच्या हाडाखाली आयसीडी नावाची डबी बसवतात. ती ठेका बिघडताच आतूनच धक्का देते. तिचा जनक मिशेल मिरोव्स्की. त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक हॅरी हेलर यांना १९६० च्या दशकात व्हीटीचे झटके येत होते आणि त्यातच ते गेले. रुग्णाला जन्मभर इस्पितळात ठेवता येत नाही, तर इस्पितळाचे यंत्रच त्याच्या अंगात बसवावे, हा विचार मिरोव्स्कींनी धरला. लोकांनी वेड्यात काढले, तरी ४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात पहिली डबी बसली. ही डबी बसवलेल्या शेतकऱ्याने वेल्डिंग आणि रानडुकरांसाठीचे झटका मशीन यांच्याजवळ जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

दुसरीही बाजू

काही वाचक म्हणतील, ‘ईसीजी काढला की अँजिओग्राफी गळ्यात पडते. गरिबाने मजुरी बुडवून हे कशाला करावे?’ ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. डबीचा खर्च लाखांत जातो. पण नीट पाहिले तर चालू धडधडीचा कागद हेच गरिबाचे संरक्षण आहे. तो साधा निघाला तर पुढच्या तपासण्यांना ‘कशासाठी?’ असे विचारता येते, आणि वाईट निघाला तर वेळ वाया जात नाही. शिवाय ईसीजीसाठी आता मोठ्या शहरात जावे लागत नाही. गोव्यात २०१८ पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या केंद्रांत, आणि कर्नाटकात २०२३ पासून पुनीत राजकुमार यांच्या नावाच्या हृदयज्योती योजनेखाली तालुका रुग्णालयांत ईसीजी काढून तज्ज्ञांकडे पाठवण्याची व्यवस्था सुरू झाली. ती झटक्याच्या रुग्णांसाठी असली तरी यंत्र तेच आहे. मोठ्या उपचारांसाठी सरकारी आरोग्य योजनेत काय बसते, हे कार्ड घेऊन आधीच विचारून ठेवावे.

उलट टोकालाही जाऊ नये. मधूनच एखादा ठोका चुकणे, चहाने किंवा जागरणाने छाती थोडी धडधडणे हे निरोगी माणसातही होते. असे प्रत्येक जादा ठोके गोळीने दाबून टाकावेत, अशी एके काळी पद्धत होती. अमेरिकेत झटका आलेल्या रुग्णांवर याची कसोटी घेतली तेव्हा १९८९ साली दिसले की त्यांतील काही गोळ्यांनी ठोके कमी झाले, पण माणसे अधिक दगावली. तेव्हा डॉक्टर ‘गोळी नको’ म्हणाले तर त्यांचे ऐकावे.

आपण काय करावे?

धडधड सुटली तर काम थांबवून बसावे किंवा आडवे व्हावे. घड्याळ लावून १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणावे. बसल्याजागी १५० च्या वर असेल, किंवा आकडा कितीही असो पण घेरी, घाम, छातीत दुखणे, दम असेल, तर ताबडतोब १०८ ला फोन करावा. पूर्वी झटका आलेल्याने तर मोजत बसूच नये. स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये.

माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके देतो आहे, तर कांदा, चप्पल हुंगवणे, तोंडात पाणी घालणे यांत वेळ दवडू नये. आचके म्हणजे श्वास नव्हे. एकाने १०८ ला सांगावे, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोराने दाबावे: पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. मदतीशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची आशा सुमारे ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. रुग्णवाहिका वाड्यावस्तीवर येईपर्यंत किती मिनिटे जातात, ते आपण सर्व जाणतो. म्हणजे तोपर्यंतचा डॉक्टर शेजारीच.

यासाठी आमची एक सूचना आहे. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एका रविवारी मिस्सेनंतर सभागृहात छाती दाबण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. जवळच्या दवाखान्यातील नर्सबाई किंवा डॉक्टर तासाभरात ते शिकवू शकतात. युवकांनी, महिला मंडळाने आणि ऊस तोडणीच्या टोळ्यांनी ते शिकावे. साखर कारखाने, बाजार समित्या आणि मोठ्या फेस्तांचे आयोजक यांच्याकडे विजेचा धक्का देणाऱ्या पेटीची मागणी आपण एकत्रितपणे केली तर ती फार मोठी मागणी होणार नाही.

बैल बसला तर आपण लगेच गुरांच्या डॉक्टरला बोलावतो, ‘बघू उद्या’ म्हणत नाही. घरातल्या माणसाची छाती धडधडून डोळ्यांपुढे अंधारी आली तर निदान तेवढी घाई त्याच्यासाठी करावी. गॅस होता असे ईसीजीच्या कागदाने सांगितले तर आनंदाने घरी यावे, ओवा नंतरही घेता येईल.